ऊठ म्हणायला कोणी

माणूस आपण होऊन उठेपर्यंत ती उभी राहायची. हातात चेंबरच्या किल्ल्या, खांद्याला पर्स, काळा कोट दंडावर टाकलेला, आणि समोर सोप्यावर बसलेला पक्षकार. सोपा म्हणजे आमच्याकडे दारापुढचा सिमेंटचा कट्टा. पेडण्याच्या माणसाला एकदा सोप्यावर टेकू दिले की तो सहसा उठत नाही. त्याचे काम केव्हाच झालेले असायचे, पुढची तारीख दोनदा सांगून झालेली असायची, तरी भावाने कुंपण कसे सरकवले ते तो पुन्हा पहिल्यापासून सांगत बसायचा. आणि ही बया ऐकत उभी. मी आतून ओरडायचो, ‘‘बाये, ऊठ म्हण गो तेका! म्हजी म्हापशाची बस वतली!’’

ती दारातून डोके आत घालायची आणि हळूच म्हणायची, ‘‘उठतले, सर. तेंची उठपाची वेळ जावंक जाय.’’ म्हणजे त्यांची उठायची वेळ व्हायला हवी.

माझ्या किती बसेस त्या पायी गेल्या त्याचा हिशेब नाही. मी मूळचा मयेचा. वकिली पेडण्यात, घर तिकडे डिचोलीच्या बाजूला, त्यामुळे बस चुकली की आयुष्य चुकले. तेव्हा मी तिच्यावर चिडायचो. चिडणे हा माझा जुना आजार आहे, तो न्यायाधीशांनाही ठाऊक आहे.

पण ती पहिल्यापासून अशी नव्हती, हे तुम्हाला आधी सांगायला हवे. कॉलेज संपवून माझ्याकडे ज्युनियर म्हणून आली तेव्हा ती पक्षकारांना कोंबड्यांसारखी हाकायची. ‘‘उठा उठा, कोर्ट लागलां!’’ असे तिने ओरडले की सोप्यावरचे म्हातारे धोतर सावरत पळायचे. आवाज खणखणीत. तो तिला बापाकडून मिळाला होता. तिचा बाप गावात राखणदाराचे गाऱ्हाणे घालायचा. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गावावर काही आले, काही ठरवायचे असले, तर राखणदाराच्या घुमटीपुढे नारळ ठेवून एकजण सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो आणि दर वाक्याला बाकीचे ‘‘व्हय म्हाराजा!’’ म्हणून साथ देतात. ते झाले की गोष्ट ठरली. मग त्यावर चर्चा नाही, अपील नाही. आमच्या कोर्टापेक्षा ते बरे चालते, असे मी नेहमी म्हणायचो.

ती माझ्याकडे आली आणि त्याच वर्षी बापाच्या अंगावरून वारे गेले. उजवी बाजू गेली आणि जीभ गेली. एकच शब्द उरला, ‘‘व्हय.’’ जेवण हवे का, व्हय. दुखते का, व्हय. ‘‘आयुष्यभर दुसऱ्यांकडसून व्हय म्हणून घेतलां, आता सगळां फेडता,’’ असे ती हसत सांगायची. हसायला येत होते तोवरचे हे दिवस.

तिचा वाडा, म्हणजे वस्ती, डोंगराच्या पायथ्याशी. वर कोणीतरी बाहेरचा माणूस जमीन घेऊन बंगले बांधणार होता, आणि त्यासाठी डोंगर कापायला मशीन आले. वाड्याच्या टोकाला, अगदी डोंगराला पाठ लावून, तिच्या काकीचे मातीच्या भिंतींचे घर होते. विधवा बाई, मूल नाही, काजूच्या दिवसांत काजू आणि एरवी कोकम, आंबाडे असले काहीबाही विकायची. एके सकाळी मशीन वाटेवर आले, तर काकी घरातून आपला आडाळो घेऊन निघाली. आडाळो म्हणजे लाकडी पाटाची विळी. तो तिने वाटेच्या मधोमध ठेवला, त्यावर बसली आणि नारळ खवायला लागली. मशीनवाला बेळगावकडचा, सभ्य माणूस. ‘‘अक्का, जरा बाजूला,’’ म्हणाला. काकी म्हणाली, ‘‘आमटी जावंदी.’’

आमटी काही झाली नाही. दुसऱ्या दिवशी वाड्यावरच्या आणखी बायका आपापले काम घेऊन तिथे येऊन बसल्या. कोणी भाजी चिरतेय, कोणी वाती वळतेय, कोणी पोराला पाजतेय. मशीन समोर उभे. पुढाऱ्यांनी शिकवलेल्या घोषणा नाहीत, फलक नाहीत. मी स्वतः पाहिले म्हणून सांगतो, तिथे बसलेल्या बायका आंदोलन करताहेत असे त्यांच्या त्यांनाही वाटत नव्हते. त्या फक्त आपले घरकाम थोडे पुढे सरकून करत होत्या.

हिने दावा लिहिला. मी वाचून दोन स्वल्पविराम हलवले आणि सही केली. कोर्टाने मनाई हुकूम दिला, पुढच्या सुनावणीपर्यंत डोंगराला कोणी हात लावायचा नाही. हुकुमाची प्रत घेऊन ही धावत वाड्यावर गेली. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, दोन दिवसांवर आली होती. बायकांना घरी जायचे होते. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, नेवऱ्या करायच्या, भिंती सारवायच्या. तरी काकी उठेना.

‘‘ऊठ गो काकी,’’ ही म्हणाली. ‘‘आता हंय कायदो बसलोसा.’’

‘‘कागद माका वाचूंक येना,’’ काकी म्हणाली. ‘‘राखणदाराक सांग. मगे उठतंय.’’

बाप तर अंथरुणावर. गाऱ्हाणे कोणी घालायचे? मग हिनेच घातले. बाईने गाऱ्हाणे घालायची रीत नाही, दोघा म्हाताऱ्यांनी तोंडे वाकडी केली, पण आवाज बापाचाच निघाला म्हटल्यावर तेही गप्प झाले. मी मागे छत्री धरून उभा होतो. ‘‘बा राखणदारा म्हाराजा! कोर्टाचो हुकूम जालो, म्हाराजा!’’ ‘‘व्हय म्हाराजा!’’ ‘‘तुजी लेकरां आता उठान घरा वतत, म्हाराजा!’’ ‘‘व्हय म्हाराजा!’’ ‘‘ह्या डोंगराची राखण आता तूं कर, म्हाराजा!’’ ‘‘व्हय म्हाराजा!’’ काकीने आडाळो उचलला, काखेत मारला आणि काही न विचारता घरी गेली.

मी मयेला चवथीला गेलो. सगळा गोवा आपापल्या गावी गेला होता. कचेऱ्या बंद, पोलीस ठाण्यात एखादा माणूस, तोही आरतीला कोणी बोलावते का म्हणून वाट बघणारा. डोंगर कापणाऱ्यांना चवथीचे दिवस आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात. चवथीच्या दुपारी दुसरे एक मशीन वरच्या अंगाने आले आणि काम सुरू झाले.

वाड्यावर आरतीची घुमटे वाजत होती, फटाके वाजत होते. पण सगळ्यांनाच ऐकू आले नाही असे नाही. काहींनी ऐकले. ऐकूनही कोणी वर बघायला गेले नाही, कारण राखणदाराला सांगून झाले होते. देवाला राखण कर म्हणायचे आणि मागाहून आपणच राखण करायला जायचे, म्हणजे देवाच्या पाठीमागे त्याची तपासणी करण्यासारखे. शहरातल्या माणसाला हे पटणार नाही. मला पटते. मीही गेलो नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. काकी दिराच्या घरी, म्हणजे हिच्याच घरी, गणपतीच्या स्वयंपाकाला आली होती. तिथली विळी बोथट निघाली. ‘‘माजो आडाळो हाडतंय,’’ म्हणून काकी डोक्यावर गोणपाट घेऊन घरी गेली, आणि दरड खाली आली.

हिचा फोन आला तेव्हा मी आरतीला उभा होतो. ती रडत नव्हती. ‘‘सर, डोंगर सकयल इलो,’’ एवढेच म्हणाली आणि बराच वेळ फोन तसाच धरून राहिली. मागून माणसांचे आणि फावड्यांचे आवाज येत होते.

त्यानंतर तिने कोणाला ऊठ म्हटलेले मी ऐकले नाही.

वाड्यावरचे लोक तिला बोलले असते तर बरे झाले असते. कोणी चकार शब्द काढला नाही. उलट तिचा मान वाढला. दावा पुढे चाललाच होता, बंगलेवाल्याचा कंत्राटदार सांगत होता की दरड पावसाने पडली, आणि वाड्याला वाटत होते की ही आहे तोवर आपले काही बिघडणार नाही. उन्हाळा सरताना गावातले चारपाच म्हातारे चेंबरवर आले आणि सोप्यावर बसले. त्यांचे म्हणणे साधे होते. बाप आता काही बोलायचा नाही. तेव्हा ह्या चवथीआधी, वर्षाचे गाऱ्हाणे तिनेच घालावे.

‘‘बापायचो आवाज तुजेकडेन आयलासा, बाये,’’ एक म्हातारा म्हणाला. ‘‘देवान दिलेलां तां.’’

ती किल्ल्या हातात घेऊन उभी राहिली. म्हातारे बसले. व्हय म्हणेपर्यंत उठणार नव्हते, आणि ती उठा म्हणणार नव्हती. दिवेलागणी झाली तेव्हा मीच बाहेर येऊन त्यांना हाकलले, आणि जाताना त्यांनी मला जे म्हटले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

ते गेल्यावर ती म्हणाली, ‘‘सर, माका चवथी आदी हंयसून भायर पडांक जाय.’’ तेवढे एकच मागणे. गाऱ्हाण्याच्या दिवशी आपण गावात असता कामा नये.

मग अर्ज सुरू झाले. मुंबईच्या मोठाल्या लॉ फर्म, त्यांचे अर्ज संगणकावर भरायचे. तिचे मार्क चांगले होते, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगले होते, सगळे रकाने भराभर भरायची आणि एका जागी येऊन थांबायची. प्रत्येक फर्मचा तोच प्रश्न, नुसते कपडे बदललेले. तुम्ही लोकांचे नेतृत्व केल्याचा एक प्रसंग सांगा. तुम्ही काय केलेत, लोकांनी काय केले, परिणाम काय झाला. तीनशे शब्द.

मी म्हणालो, ‘‘ही कसली पंचाईत? मुंबईत वकील पाहिजे की सरपंच?’’

‘‘सगळ्यांक लीडर जाय, सर.’’

‘‘मग फायली कोण शिवणार?’’

हसली. त्या दिवसांत ती हसली की मला तेवढ्यापुरते बरे वाटायचे. पहिल्या अर्जात तिने कॉलेजच्या स्नेहसंमेलनात जेवणाची व्यवस्था पाहिल्याचे लिहिले. मी वाचले. श्रीखंड कमी पडले आणि तिने ते वेळेत ओळखले, असा प्रसंग होता. त्या फर्मचे उत्तरही आले नाही. दुसऱ्यात आंतरमहाविद्यालयीन वादविवाद. सभ्य शब्दांत नकार. आषाढ लागला होता.

‘‘तुझ्याकडे खरा प्रसंग आहे,’’ मी शेवटी म्हणालो. कोणीतरी म्हणायला हवे होते.

‘‘तां लीडरशिप न्हय, सर. बसली ती काकी. मी फकत उठयलंय.’’

यावर मी काय बोलणार? पण मी वकील. बोलायला काही नसते तेव्हाच आमचे काम सुरू होते. मी तिला सांगितले की हुकूम मिळाला इथपर्यंत लिही आणि थांब. त्यात एक अक्षर खोटे नाही. बायकांना संघटित केले, दावा लिहिला, कोर्टाने मनाई दिली, गावाने मान्य केले. साक्षीदाराला विचारले तेवढेच उत्तर द्यायचे असते, पुढचे उलटतपासणीत बघू. हा सल्ला मी आजही देईन.

तिसऱ्या दिवशी तिने तसे लिहिले. मी वाचले आणि खरे सांगतो, मला त्या मुलीला नोकरी द्यावीशी वाटली. काकीचा उल्लेख होता, ‘वाड्यावरील एक ज्येष्ठ महिला’ असा. शेवटचे वाक्य होते की हुकूम मिळाल्यावर सर्व महिला शांतपणे घरी परतल्या.

मुलाखतीचे बोलावणे आले. तीही संगणकावरच. वाड्यावर नेट टिकत नाही, म्हणून चेंबरमध्येच बसायचे ठरले. मी माझे टेबल तिला दिले आणि बाहेर सोप्यावर येऊन बसलो. मधले दार लागत नाही, पावसाळ्यात फुगते. सगळे ऐकू येत होते. पडद्यावर तिघे असावेत. दोन पुरुष आणि एक बाई, अत्यंत गोड इंग्रजी बोलणारी. कायद्याचे प्रश्न हिने सहज पार केले. मग बाई म्हणाली, तुमचा नेतृत्वाचा प्रसंग आम्हाला फार आवडला. त्यापुढे काय झाले?

समोरच्या रस्त्यावरून एक बस गेली. मी मनात म्हणत होतो, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे म्हण, बाये, तेवढेच म्हण.

तिने सगळे सांगितले. गाऱ्हाणे काय असते ते सांगितले, चवथ काय असते ते सांगितले. आडाळोला इंग्रजी शब्द सापडला नाही म्हणून तो हातांनी करून दाखवला असावा, कारण मध्येच ती थांबली आणि तिच्या बांगड्या वाजल्या. आवाज एकदाही हलला नाही. एकाने विचारले, मग यातून तुम्ही काय शिकलात?

ती म्हणाली, ‘‘सगळ्यांना उठवल्यावर मी तिथे बसून राहायला हवे होते.’’

मला वाटले, संपले. आणि ती बाई अगदी मायेने म्हणाली, की हे तुम्ही अर्जात का लिहिले नाहीत? हा तुमचा सर्वांत चांगला भाग आहे. अपयशाकडे इतक्या स्वच्छ नजरेने पाहणारे उमेदवार आम्हाला मिळत नाहीत.

पडदा मिटल्यावर ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली.

‘‘तेंका तां आवडलां, सर,’’ ती म्हणाली.

‘‘तुझा खरेपणा आवडला त्यांना.’’

‘‘न्हय. काकी गेली तां आवडलां. ती वाचली आसती तर श्रीखंडासारख्यांच जातलां आसलां.’’

मला त्या बाईचा राग आला होता, आणि राग येण्यासारखे ती काही बोलली नव्हती, याचाही राग आला होता. श्रावणात नेमणुकीचा मेल आला. चवथीच्या आधी रुजू व्हायचे होते. तिने बापाच्या उशाशी बसून विचारले, ‘‘जांव?’’ बाप म्हणाला, ‘‘व्हय.’’ आता त्या व्हयचा अर्थ काय लावायचा? आई म्हणाली, तो रडत होता. पण तो कशानेही रडतो, असेही तीच म्हणाली.

जायच्या दिवशी संध्याकाळी ती चेंबरच्या किल्ल्या द्यायला आली. मुंबईची बस हमरस्त्यावरून सुटते. तिथपर्यंत न्यायला मोटरसायकलचा पायलट, म्हणजे भाड्याचा दुचाकीवाला, तिने ठरवून आणला होता, तो बाहेर गाडी लावून उभा. किल्ल्या तिने माझ्या हातात ठेवल्या आणि सोप्यावर बसली, पक्षकार बसतात त्या जागी. बॅग मांडीवर. मी विचारले, फायली कुठल्या कपाटात आहेत. तिने सांगितले. वाड्याच्या दाव्याची पुढची तारीख सांगितली. मग तीच तारीख पुन्हा सांगितली. बायकांचे जबाब नीट घ्या, सर, म्हणाली. एकेकीला वेळ द्या, म्हणाली. काकीच्या जागी आता काय आहे तेही सांगितले, नुसती तांबडी माती आणि तिच्यावर उगवलेला टाकळा. ते मला ठाऊक होते. मी ऐकत उभा राहिलो.

पायलटने हॉर्न वाजवला. ती उठली नाही. त्याने पुन्हा वाजवला आणि घड्याळ दाखवले. ती बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की ती कशाची वाट पाहत होती. तो शब्द तिच्या तोंडून स्वतःसाठीही निघत नव्हता.

सबंध वर्षभर मी तो शब्द आतून ओरडत आलो होतो. आता तो मलाच, तिच्यासमोर उभे राहून, म्हणायचा होता.

‘‘ऊठ, बाये,’’ मी म्हणालो.

ती लगेच उठली. काकी उठली होती तशीच, काही न विचारता, बॅग काखेत मारून. पायलटच्या मागे बसली, पदर नव्हता तरी पदर सावरल्यासारखा हात खांद्यावर फिरवला, आणि मोटरसायकल बाजाराच्या वळणावर गेली.

मी सोप्यावर बसलो. हातात किल्ल्या होत्या. समोरून म्हापशाची शेवटची बस आली, थांबली, कंडक्टरने मला ओळखून घंटी मारायच्या आधी क्षणभर वाट पाहिली आणि बस गेली. मला ऊठ म्हणायला तिथे कोणी नव्हते.